भारतातील अमेरिकी राजदूत आणि वाणिज्यदूतांचा इतिहास कसा जुळवावा

वकिलातीचा इतिहास लिहायला घेणारा अभ्यासक साहजिकच पहिल्या राजदूतापासून सुरुवात करतो. भारतातील अमेरिकी दूतांच्या बाबतीत असे केले, तर दीडशेहून अधिक वर्षांचा काळ पहिल्याच पानावर वगळला जातो. हेन्री ग्रेडी हे अमेरिकेचे भारतातील पहिले राजदूत. त्यांनी १ जुलै १९४७ रोजी, म्हणजे सत्तांतराच्या दीड महिना आधी, दिल्लीत आपली अधिकारपत्रे सादर केली. परंतु अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांनी कलकत्त्यासाठी पहिला वाणिज्यदूत, म्हणजे परक्या बंदरात आपल्या देशाचा व्यापार व नागरिक यांचे हित पाहणारा अधिकारी, नेमला तो १७९२ साली, जेव्हा पुण्यात सवाई माधवराव पेशव्यांची कारकीर्द चालू होती. ही दोन टोके एका सलग तक्त्यात आणि त्यावर आधारलेल्या लेखनात कशी सांधावीत, कोणते कागद कोठे पाहावेत आणि कोणत्या ठिकाणी हमखास गफलत होते, हे पुढे क्रमाने सांगितले आहे. प्रत्येक दूताबद्दल दोन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय त्याची नोंद पुरी झाली असे समजू नये, असे माझे ठाम मत आहे: त्याला कोणी व कधी नेमले, आणि तो ज्या भूमीवर उतरला तिथल्या सत्तेने त्याला काय म्हणून स्वीकारले.

आधी हद्द ठरवा

कामाची पहिली पायरी म्हणजे ‘भारत’ या शब्दाने कोणता प्रदेश धरायचा, हे लेखी ठरवून घेणे. १९४७ पूर्वीची अमेरिकी कागदपत्रे ब्रिटिश हिंदुस्थानाची आहेत आणि त्यात कराची आहे. रंगूनही आहे, कारण ब्रह्मदेश १९३७ साली हिंदुस्थानापासून वेगळा झाला. एडन तर १९३२ पर्यंत मुंबई इलाख्याच्याच कारभाराखाली होते, त्यामुळे तिथल्या अमेरिकी वाणिज्यदूताशी संबंधित सरकारी कागद मुंबईच्या दप्तरात निघाले, तर त्यात नवल नाही. उलट गोवा १९६१ पर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यात असल्यामुळे त्या काळातील गोव्याविषयीचा पत्रव्यवहार लिस्बनच्या अंगाने पाहावा लागतो. मुख्य तक्त्यात आजच्या भारतातील ठिकाणे ठेवावीत आणि कराची, रंगून, एडन यांच्यासाठी वेगळे परिशिष्ट करावे, असे मी सुचवीन. ही विभागणी नंतर करायची म्हटली, तर अर्धा तक्ता पुन्हा मांडावा लागतो.

दुसरी हद्द पदांची. वाणिज्यदूत, महावाणिज्यदूत, उपवाणिज्यदूत, वाणिज्य प्रतिनिधी आणि कार्यकारी वाणिज्यदूत हे सारे एकाच रकान्यात ‘कॉन्सल’ म्हणून घातले, की यादी फुगते आणि अर्थ हरवतो. एकोणिसाव्या शतकात मूळ वाणिज्यदूत रजेवर किंवा आजारी असताना गावातला एखादा अमेरिकी किंवा ब्रिटिश व्यापारीसुद्धा त्याच्या जागी काम पाहत असे. अशा माणसाची नोंद अवश्य करावी, पण त्याच्या पदापुढे ‘कार्यकारी’ हा शब्द लिहिल्याखेरीज नव्हे.

नेमणूक आणि मान्यता यांतील अंतर

आता तक्त्याचे रकाने आखावेत. नाव, मूळ राज्य, पद, ठिकाण, नेमणुकीची तारीख, मान्यतेची तारीख, प्रत्यक्ष कार्यभार, पद सोडल्याची तारीख, सोडण्याचे कारण, कामगिरी, शेरा आणि प्रत्येक तारखेचा आधार, एवढे रकाने पुरतात. नेमणूक आणि मान्यता हे दोन रकाने वेगळे का हवेत, हे पहिल्याच माणसाच्या उदाहरणावरून पटते.

बेंजामिन जॉय हा न्यू इंग्लंडमधील व्यापारी. १९ नोव्हेंबर १७९२ रोजी त्याची कलकत्त्याचा वाणिज्यदूत म्हणून नेमणूक झाली. तो कलकत्त्यास पोहोचला एप्रिल १७९४ मध्ये. तिथे ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने त्याला वाणिज्यदूत म्हणून मान्यता देण्यास नकार दिला. मात्र देशाच्या दिवाणी व फौजदारी कायद्याच्या अधीन राहून व्यापारी प्रतिनिधी म्हणून राहण्याची मुभा दिली. म्हणजे वॉशिंग्टनच्या सरकारच्या दृष्टीने तो वाणिज्यदूत होता आणि कलकत्त्याच्या सरकारच्या दृष्टीने एक परवानगीने राहिलेला परदेशी व्यापारी. अशा माणसाच्या नोंदीत मान्यतेचा रकाना कोरा ठेवू नये. ‘वाणिज्यदूत म्हणून मान्यता नाकारली, व्यापारी प्रतिनिधी म्हणून निवासाची परवानगी’ असे पुरते वाक्य लिहावे. या एका वाक्यात कंपनी सरकारची परदेशी व्यापाऱ्यांकडे पाहण्याची सावध नजर आणि नव्याने जन्मलेल्या प्रजासत्ताकाचे समुद्रापलीकडचे वजन, दोन्ही दिसतात. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ब्रिटन व अमेरिका यांच्यात झालेल्या, अमेरिकी मुत्सद्दी जॉन जे यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तहाच्या तेराव्या कलमाने अमेरिकी जहाजांना ब्रिटिशांच्या पूर्वेकडील बंदरांत व्यापार करण्याची मुभा मिळाली, ही गोष्टही जॉयच्या नोंदीशेजारी टिपून ठेवावी, म्हणजे तो माणूस कशासाठी पाठवला गेला होता ते वाचकाला समजते.

पुढच्या काळात मान्यतेची पद्धत ठरून गेली. अमेरिकी अध्यक्ष नेमणूक करीत, सिनेट तिला संमती देई, नेमणूकपत्र लंडनला जाई, ब्रिटिश राजमुकुटाकडून मान्यतापत्र निघे, त्याची सूचना ‘लंडन गॅझेट’मध्ये छापली जाई आणि त्यानंतर संबंधित इलाख्याच्या सरकारला कळवले जाई. प्रत्येक टप्प्याचा कागद वेगळ्या ठिकाणी सापडतो, म्हणून एका वाणिज्यदूताच्या चार निरनिराळ्या तारखा मिळाल्या तर गोंधळून जाऊ नये. नेमणुकीसाठी सिनेटच्या कार्यकारी कामकाजाचे छापील वृत्त पाहावे, मान्यतेसाठी ‘लंडन गॅझेट’ पाहावे आणि स्थानिक अंमलबजावणीसाठी मुंबई सरकारचे गॅझेट. सिनेटचे अधिवेशन चालू नसताना केलेली नेमणूक पुढे संमतीनंतर नव्याने दिली जात असे. त्यामुळे एकाच माणसाची दोन नेमणूकपत्रे आढळल्यास तो दोनदा आला असे समजू नये.

मुंबईच्या वाणिज्यदूतांची पत्रे

मुंबईसाठी अमेरिकेने वाणिज्यदूत नेमला तो १८३८ साली. त्याचे नाव फिलेमॉन पार्कर. ‘बॉम्बे टाइम्स’ हे वृत्तपत्रही त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात निघू लागले, हा मुंबईच्या अभ्यासकाच्या दृष्टीने भाग्याचा योग म्हटला पाहिजे, कारण जहाजांच्या आगमन-निर्गमनाच्या नोंदी आणि सरकारी सूचना यांचा छापील माग जवळजवळ आरंभापासून उपलब्ध होतो.

या काळासाठी सर्वात मोलाचे साधन म्हणजे वाणिज्यदूतांनी वॉशिंग्टनला परराष्ट्रमंत्र्यांच्या नावे पाठवलेली पत्रे. ती अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात ५९ क्रमांकाच्या अभिलेखसमूहात आहेत, आणि प्रत्येक बंदराची स्वतंत्र मालिका सूक्ष्मपटावर (मायक्रोफिल्मवर) घेतलेली आहे. मुंबईची मालिका १८३८ पासून १९०६ पर्यंत चालते. खुद्द मुंबईच्या कचेरीत राहिलेली दप्तरे, म्हणजे आवक-जावक नोंदवह्या, शुल्काच्या वह्या वगैरे, ८४ क्रमांकाच्या समूहात शोधावी लागतात. १९०६ नंतर परराष्ट्र खात्याने बंदरवार मालिका बंद करून विषयवार दप्तर सुरू केले. म्हणून मालिका १९०६ ला थांबलेली पाहून वाणिज्यदूतही थांबले असा समज करून घेऊ नये. पुढचे कागद विषयाच्या क्रमांकाखाली आहेत आणि ते शोधायला जास्त वेळ लागतो, एवढेच.

एखादे पत्र हाती आले की ते कसे वाचायचे, हे थोडे तपशिलात सांगतो. वरच्या बाजूला पत्राचा अनुक्रमांक असतो आणि हा क्रमांक नव्या वाणिज्यदूताबरोबर बहुधा पुन्हा एकपासून सुरू होतो. त्यामुळे क्रमांक एकदम खाली आला, की माणूस बदलला असे अनुमान सहीकडे पाहण्यापूर्वीच करता येते. त्याखाली मुंबईची तारीख असते, आणि पत्र वॉशिंग्टनला पोहोचल्यावर तिथल्या कारकुनाने टाकलेली पोच वेगळी असते. या दोन तारखांमधले महिने मोजले, की त्या काळी वाणिज्यदूत किती एकटा होता आणि सूचना येईपर्यंत किती निर्णय त्याला स्वतःच्या जबाबदारीवर घ्यावे लागत, हे कोणत्याही वर्णनाशिवाय समजते. नेमणूक स्वीकारल्याच्या पहिल्या पत्रात तो आपले जन्मस्थान आणि निवासाचे राज्य कळवतो, कारण खाते नेमणुकीच्या वेळी तशी विचारणा करीत असे. चरित्राच्या नोंदीसाठी यासारखा विश्वासार्ह आधार दुसरा नाही. कार्यभार घेतल्यावर आधीच्या माणसाकडून काय काय मिळाले याची यादी येते: शिक्का, ध्वज, कायद्याची पुस्तके, वह्या. अशी यादी मिळाली तर ती पूर्ण उतरवून घ्यावी, कारण कचेरीची खरी अवस्था तिच्यात कळते. शेवटी सोबतपत्रे असतात. ठरावीक मुदतीने पाठवलेले अमेरिकी जहाजांचे तक्ते, वसूल झालेले शुल्क, संकटात सापडलेल्या खलाशांवर केलेला खर्च यांत जे आढळते, ते भाषणांत आणि गौरवलेखांत कधीच आढळत नाही.

हे वाणिज्यदूत बहुतेक व्यापारी होते आणि त्यांचे उत्पन्न बव्हंशी शुल्कावर अवलंबून असे. न्यू इंग्लंडमधील गोठलेल्या तळ्यांतला बर्फ भुशात भरून जहाजाने १८३३ साली प्रथम कलकत्त्यास पोहोचला आणि पुढे मुंबईसही येऊ लागला. असल्या मालाच्या तक्रारी, कप्तानांचे तंटे, बंदरात मागे राहिलेले खलाशी, हेच त्यांचे रोजचे काम. १८६१ ते १८६५ या अमेरिकी यादवी युद्धाच्या वर्षांत दक्षिणेचा कापूस लँकेशायरला मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या चार वर्षांची पत्रे ज्या बंदराची मिळतील त्या बंदराची वाचावीत, आणि मुंबईची तर एकही सोडू नये.

मुंबईच्या बाजूने ताडून पाहण्यासाठी काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत असलेला महाराष्ट्र राज्य पुराभिलेख हा पहिला थांबा. तिथे राजकीय खात्याच्या वार्षिक खंडांची सूची पाहून परदेशी वाणिज्यदूतांविषयीचे विषय शोधावेत. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर घरबसल्या शोध घेता येतो. मात्र शोधताना आडनावाचे सर्व संभाव्य स्पेलिंग घालून पाहावे, कारण इंग्रजी कारकुनाने एकाच नावाचे तीन अवतार करून ठेवलेले असतात. छापील साधनांपैकी ‘थॅकर्स’सारख्या वार्षिक निर्देशिकांत परदेशी वाणिज्यदूतांची पाने असतात. निर्देशिका वर्ष सुरू होण्याआधी छापली जात असल्यामुळे तिच्यातले नाव आदल्या वर्षाअखेरचे समजावे आणि तिच्यावरून कधीही नेमकी तारीख लिहू नये. एखाद्याचा कार्यकाळ अचानक तुटलेला दिसला आणि कारण मिळाले नाही, तर मृत्यूची शक्यता तपासावी. मुंबई इलाख्यातील दफनांच्या चर्चनोंदी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धासाठी शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीतील शिलालेखही उपयोगी पडतात.

१९२४ च्या रॉजर्स कायद्याने अमेरिकेची राजनैतिक आणि वाणिज्य सेवा एकत्र केली. त्यानंतरची माणसे परीक्षा देऊन आलेली, बदलीची नोकरी करणारी होती, आणि त्यांची माहिती खात्याच्या छापील नोंदपुस्तकांतून सहज मिळते. या टप्प्यावर फार वेळ घालवायचे कारण नाही.

१९४१ ते १९४७: सर्वात अवघड सहा वर्षे

या सहा वर्षांत सर्वात जास्त चुका होतात, म्हणून इथे मात्र थांबून काम करावे. १९४१ साली ब्रिटिश सरकारच्या संमतीने दोन्ही राजधान्यांत प्रतिनिधी पाठवण्याचे ठरले. सर गिरिजाशंकर वाजपेयी वॉशिंग्टनला एजंट-जनरल म्हणून गेले आणि कलकत्त्याचे महावाणिज्यदूत थॉमस विल्सन दिल्लीत कमिशनर म्हणून आले. हे दोघेही राजदूत नव्हते, कारण हिंदुस्थान सार्वभौम नव्हता. त्यानंतर अध्यक्ष रूझवेल्ट यांनी आपले वैयक्तिक प्रतिनिधी पाठवले: क्रिप्स शिष्टाईच्या दिवसांत, एप्रिल १९४२ मध्ये, लुई जॉन्सन आले, आणि जानेवारी १९४३ मध्ये विल्यम फिलिप्स आले. फिलिप्स यांना राजदूताचा वैयक्तिक दर्जा होता, त्यामुळे अनेक याद्यांत त्यांचे नाव राजदूत म्हणून शिरते. दर्जा राजदूताचा असला, तरी ते हिंदुस्थानातील राजदूत नव्हते. त्यांची नोंद ‘अध्यक्षांचे वैयक्तिक प्रतिनिधी’ अशीच करावी.

फिलिप्स यांच्या मुक्कामाचा एक प्रसंग पुण्याशी जोडलेला आहे. फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींनी आगाखान पॅलेसमधील बंदिवासात एकवीस दिवसांचे उपोषण केले. फिलिप्स यांनी त्यांना भेटण्याची परवानगी मागितली आणि व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी ती दिली नाही. परक्या देशाच्या अध्यक्षाचा प्रतिनिधी या भूमीवर हजर असूनही तिथल्या सर्वात मोठ्या नेत्याला भेटू शकत नाही, ही गोष्ट मला जॉयच्या नाकारलेल्या मान्यतेइतकीच महत्त्वाची वाटते. नोंदीत ‘कामगिरी’च्या रकान्यात जे घडले त्याबरोबर जे घडू दिले गेले नाही तेही लिहावे, ही शिस्त अशा प्रसंगांसाठीच आहे.

१ नोव्हेंबर १९४६ रोजी दिल्लीतील कचेरीला वकिलातीचा दर्जा मिळाला आणि जॉर्ज मेरेल हे प्रभारी राजदूत झाले. १९४७ च्या आरंभी असफ अली भारताचे राजदूत म्हणून वॉशिंग्टनला गेले आणि जुलैत ग्रेडी दिल्लीस आले. हेच ग्रेडी १९४२ साली अमेरिकी तांत्रिक मंडळाचे प्रमुख म्हणून हिंदुस्थानात येऊन गेले होते. माणूस तोच असला तरी अधिकार वेगळा, म्हणून तक्त्यात दोन ओळी कराव्यात आणि दोन्हींमध्ये परस्परांचा उल्लेख ठेवावा.

राजदूतांच्या नोंदी लिहिताना

१९४७ नंतरच्या राजदूतांची नावे आणि तारखा अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या इतिहासकार कार्यालयाने देशवार प्रसिद्ध केलेल्या आहेत, आणि मूळ आधार म्हणून त्याच घ्याव्यात. कार्यकाळ धरताना नेमणुकीची तारीख न घेता अधिकारपत्रे सादर केल्याची तारीख आरंभ म्हणून घ्यावी, कारण यजमान देशात दूताचा अधिकार तेव्हापासून चालतो. चेस्टर बोल्स १९५१ ते १९५३ आणि पुन्हा १९६३ ते १९६९ असे दोन वेळा राजदूत होते. त्यांना एकाच ओळीत बसवले, तर मधले जॉर्ज ॲलन, जॉन शर्मन कूपर, एल्सवर्थ बंकर आणि जॉन केनेथ गॅलब्रेथ यांचा क्रम विस्कटतो. १९५९ पर्यंत दिल्लीतील अमेरिकी राजदूतच नेपाळसाठीही नेमलेला असे, ही गोष्ट शेऱ्यात टिपावी. अन्यथा काठमांडूसंबंधीचे कागद दिल्लीच्या दप्तरात का सापडतात, याचा उलगडा होत नाही.

दोन राजदूतांमधली पोकळी प्रभारी राजदूतांच्या नावांनी भरून काढावी. केनेथ जस्टर जानेवारी २०२१ मध्ये गेले. एरिक गार्सेटी यांची शिफारस त्याच वर्षी जुलैत झाली, सिनेटची संमती मार्च २०२३ मध्ये मिळाली आणि अधिकारपत्रे मे २०२३ मध्ये सादर झाली. दोन वर्षांहून अधिक काळ अतुल केशप, पॅट्रिशिया लसिना, एलिझाबेथ जोन्स आदी प्रभारी अधिकाऱ्यांनी वकिलात सांभाळली. केवळ राजदूतांची यादी छापणाऱ्यांना ही सारी माणसे दिसत नाहीत.

चरित्रपर मजकूर मोजका ठेवावा, पण भारताशी आधीपासून असलेला संबंध कधीही गाळू नये. १९७७ ते १९८० या काळातील राजदूत रॉबर्ट गोहीन यांचा जन्म १९१९ साली वेंगुर्ल्याला, एका मिशनरी डॉक्टरच्या घरात झाला होता. प्रिन्स्टन विद्यापीठाचे अध्यक्षपद भूषवून ते राजदूत म्हणून आपल्या जन्मभूमीत परतले, आणि सिंधुदुर्गातील किती वाचकांना ही गोष्ट ठाऊक असेल अशी शंका मला येते. कामगिरीच्या रकान्यातही असेच नेमके लिहावे. डॅनियल पॅट्रिक मॉयनिहन यांच्यापुढे ‘संबंध सुधारले’ असे लिहून काहीच कळत नाही. अमेरिकी धान्याच्या मोबदल्यात भारतात साठलेल्या रुपयांचा प्रश्न त्यांच्या कारकिर्दीत सुटला आणि १९७४ साली त्यांनी १,६६४ कोटी रुपयांचा धनादेश भारत सरकारच्या हवाली केला, असे लिहिले म्हणजे कळते.

धोरणात्मक पत्रव्यवहारासाठी परराष्ट्र संबंधांच्या कागदपत्रांची १८६१ पासून चालत आलेली अमेरिकी सरकारी ग्रंथमाला वापरावी. १९७१ च्या दक्षिण आशियाई पेचप्रसंगाला तिच्यात स्वतंत्र खंड आहे. निवृत्त मुत्सद्द्यांच्या ध्वनिमुद्रित मुलाखतींचा मोठा संग्रहही खुला आहे. त्या मुलाखती रसाळ असतात आणि कचेरीतले वातावरण त्यांतूनच मिळते, पण तारखेसाठी त्यांच्यावर विसंबू नये. वीस-तीस वर्षांनी सांगितलेली आठवण आणि त्याच दिवशी पाठवलेली तार यांत विरोध आढळला, तर तारेला प्रमाण मानावे आणि आठवण टीपेत द्यावी.

इमारतींची नोंदही याच कामाचा भाग आहे. दिल्लीतील वकिलातीची एडवर्ड ड्युरेल स्टोन यांनी आखलेली इमारत १९५९ साली वापरात आली. मुंबईची कचेरी अनेक दशके ब्रीच कँडीच्या लिंकन हाउसमध्ये, म्हणजे वांकानेर संस्थानिकांच्या जुन्या बंगल्यात होती, आणि २०११ साली ती वांद्रे-कुर्ला संकुलात गेली. जुन्या पत्रांतील पत्ता कोणत्या वास्तूचा हे ठरवताना या तारखा लागतात.

तक्ता पुरा होत आला की त्याचा जोडतक्ता, म्हणजे वॉशिंग्टनमधील भारतीय राजदूतांचा, समोर ठेवून दोन्ही ताडून पाहावेत. मुंबईचे एम. सी. छागला १९५८ ते १९६१ तिथे होते तेव्हा दिल्लीत बंकर होते. नानी पालखीवाला १९७७ ते १९७९ तिथे होते तेव्हा इकडे गोहीन होते. असे जोडीने पाहिले, की एकाच वाटाघाटीची दोन टोके दोन दप्तरांत शोधता येतात.

ज्या तारखेला एकच आधार मिळाला आहे तिच्यापुढे तशी खूण करावी आणि दुसरा आधार सापडेपर्यंत ती पुसू नये. पदावर असलेल्या व्यक्तीचा अखेरचा रकाना रिकामा सोडावा. हैदराबादला २००८ साली आणि बंगळुरूला जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकी वाणिज्य दूतावास सुरू झाले. त्यांच्यासाठी कलकत्ता, मद्रास व मुंबई यांच्याखाली नव्या ओळी आताच आखून ठेवाव्यात.